पाटी झाडाची, माल कारखान्याचा

डब्यावर जे छापले आहे ते डब्यात आहे काय, एवढा एकच प्रश्न अमेरिकेतील काही संशोधकांनी व्यायामपूरकांच्या बाबतीत विचारला. त्याचे उत्तर जुलै २०२३ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. व्यायामाची क्षमता वाढविणारे वनस्पतिजन्य घटक असल्याचा दावा करणारी ५७ पूरके या पाहणीत प्रयोगशाळेत तपासण्यात आली. त्यांपैकी २३ पूरकांत डब्यावर नमूद केलेला घटक औषधालाही सापडला नाही. ज्यांत तो सापडला, त्यांत त्याचे प्रमाण छापील आकड्याच्या ०.०२ टक्क्यापासून ३३४ टक्क्यांपर्यंत कोठेही होते. छापील आकड्याच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे, म्हणजे व्यवहारात ‘बरोबर’ म्हणता येईल असे प्रमाण अवघ्या सहा पूरकांत आढळले. सात डब्यांत तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पूरकांत मनाई केलेला किमान एक घटक होता.

‘प्री-वर्कआऊट’ या नावाने विकली जाणारी ही पावडर आता मुंबई, पुणे, नागपूरच्या व्यायामशाळांनाही अपरिचित राहिलेली नाही. व्यायामापूर्वी अर्धा तास चमचाभर पावडर पाण्यात ढवळून घ्यावी, अंगात झिणझिण्या आल्यासारखे वाटावे, आणि एरवी दहा वेळा उचलले जाणारे वजन बारा वेळा उचलले जावे, अशी अपेक्षा असते. ‘यात केमिकल काही नाही, सगळे हर्बल आहे’, हे विक्रेत्याचे ठरलेले वाक्य. आयुर्वेदाची परंपरा असलेल्या समाजात ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाला विश्वासाचे एक वजन आहे आणि ते या व्यापाराच्या पथ्यावर पडते. वास्तविक गेल्या तीस वर्षांचा इतिहास तपासला, तर डब्यावरील झाडाचे नाव हे पुष्कळदा वनस्पतिशास्त्रातून नव्हे, तर कायद्याच्या एका कलमातून आलेले दिसते. त्या नावावरून ना परिणामाची खात्री मिळते, ना सुरक्षिततेची.

कॅफिनचा अपवाद

या सगळ्या गोंधळात एका घटकाच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. तो घटक म्हणजे चहा-कॉफीतील कॅफिन. थकव्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचविण्यात अ‍ॅडिनोसिन या द्रव्याचा मोठा वाटा असतो. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसते आणि त्यामुळे तेवढाच श्रम कमी जाणवतो. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन व्यायामापूर्वी घेतल्यास, विशेषतः धावणे, सायकल चालविणे यांसारख्या दमसासाच्या प्रकारांत, कामगिरी सुधारते, असा निष्कर्ष अनेक दशकांच्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा निघाला आहे. ही सुधारणा साधारण दोन ते चार टक्क्यांच्या घरातील असते. शर्यतीत पहिला आणि चौथा यांत तेवढाच फरक असतो, हे खरे. पण वजन कमी करण्यासाठी किंवा दंड कमावण्यासाठी संध्याकाळी तासभर जिममध्ये जाणाऱ्याच्या आयुष्यात दोन टक्क्यांना किती महत्त्व द्यायचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. शिवाय कॅफिनचा परिणाम माणसागणिक बदलतो. कोणाचे यकृत ते भराभर निकालात काढते, तर कोणाला दुपारची एक कॉफी रात्रभर जागवते.

हिशेब मांडून पाहता येतो. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ३ मिलिग्रॅमच्या हिशेबाने २१० मिलिग्रॅम कॅफिन होते, म्हणजे साधारण दोन कप कडक कॉफी. ६ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ४२० मिलिग्रॅम होते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅम ही चिंता न करण्याची मर्यादा सांगितली होती. याचा अर्थ प्रयोगशाळेत उपयुक्त ठरलेल्या मात्रेचे वरचे टोक त्या दैनंदिन मर्यादेच्याही पलीकडे जाते. बाजारातील अनेक पावडरींच्या एका चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते. त्यावर सकाळचा चहा, ऑफिसातली कॉफी आणि एखादे ‘एनर्जी ड्रिंक’ यांची बेरीज सहसा कोणी करीत नाही.

येथेच वनस्पतींच्या नावांचा पहिला खेळ सुरू होतो. ग्वाराना हे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील वेलीचे बी. त्यात कॉफीच्या बियांपेक्षा बरेच अधिक कॅफिन असते. मग डब्यावर कॅफिन वेगळे, ‘ग्वाराना अर्क’ वेगळा, ‘हिरव्या चहाचा अर्क’ वेगळा असे लिहिले जाते. वाचणाऱ्याला तीन घटक दिसतात, रक्तात जाते ते मुख्यतः एकच. झाडातून काढलेले कॅफिन आणि कारखान्यात बनविलेले कॅफिन यांचा रेणू एकच असल्याने हृदयाला त्यांत फरक करता येत नाही. त्यातच ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ नावाखाली सर्व घटकांची एकत्रित बेरीजच छापण्याची पद्धत आहे. अशा वेळी कोणता घटक किती, हे उत्पादकाखेरीज कोणालाच कळत नाही.

मात्रेचा प्रश्न किती गंभीर आहे, हे शुद्ध कॅफिन पावडरीने दाखविले. २०१४ मध्ये अमेरिकेत दोन निरोगी तरुण या पावडरीने दगावले. तिचा एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे २८ कप कॉफी, असा इशारा तेथील प्रशासनाला द्यावा लागला. ज्या घटकाच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा आहे, त्याची ही कथा. बाकीच्यांचे काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माहुआंग ते न्यायालय

चिनी वैद्यकात ‘माहुआंग’ या नावाने शतकानुशतके वापरली जाणारी एफेड्रा ही झुडूपवजा वनस्पती. तिच्या हिमालयातील एका जातीला आपल्याकडे सोमलता म्हणतात आणि वेदांतील सोम तो हाच, असे मानणारा अभ्यासकांचा एक पक्षही आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रिन वेगळे काढले. पुढे दम्यावरील औषध म्हणून त्याने जगभर मान्यता मिळवली. एफेड्रिन श्वासनलिका रुंदावते, हृदयाची गती व रक्तदाब वाढविते, भूक मारते. रचनेने ते अ‍ॅम्फेटामाइनचे जवळचे नातेवाईक आहे.

ते काम करते, यात शंका नाही. कॅनडाच्या लष्करी संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात जोरदार सायकल चालवून पूर्ण थकेपर्यंतचा वेळ मोजण्यात आला. निष्क्रिय गोळी घेतलेल्यांचा सरासरी वेळ १२.६ मिनिटे होता, तर कॅफिन आणि एफेड्रिन एकत्र घेतल्यावर तो १७.५ मिनिटांवर गेला. काही सहभागींना मळमळ व उलट्या झाल्याने पुढच्या प्रयोगात मात्रा उतरवावी लागली, ती गोष्ट अलाहिदा. पण लक्षात घेण्याजोगा मुद्दा दुसराच आहे. हे प्रयोग तोलूनमापून दिलेल्या शुद्ध औषधाचे होते, मोजक्या धडधाकट तरुणांवर केलेले होते आणि एकेका वेळेपुरते होते. बाजारात मात्र विकली जात होती ती एफेड्रा वनस्पतीची भुकटी किंवा अर्क.

ती विकता येत होती ती १९९४ च्या आहारपूरक कायद्यामुळे. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत संमत झालेल्या या कायद्याने जीवनसत्त्वे, खनिजे, अमिनो आम्ले यांबरोबरच ‘वनौषधी किंवा अन्य वनस्पती’ आणि त्यांतील घटक यांना आहारपूरकाचा दर्जा दिला. औषधाला बाजारात येण्यापूर्वी परिणाम आणि सुरक्षितता या दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पूरकाला यांतली एकही द्यावी लागत नाही. ते धोकादायक आहे, हे नंतर सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. थोडक्यात, एखादे उत्तेजक प्रयोगशाळेत बनले असेल तर ते औषध, आणि झाडातून आले असेल तर अन्न. पुढच्या साऱ्या घडामोडींची किल्ली या एका वाक्यात आहे.

एफेड्राच्या पूरकांनी अमेरिकेत अक्षरशः लूट केली. तक्रारीही येऊ लागल्या. हॅलर आणि बेनोविट्झ या संशोधकांनी २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा १४० तक्रारींची छाननी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३१ टक्के प्रकरणांत दुष्परिणामांचा पूरकाशी निश्चित किंवा बहुधा संबंध होता, आणखी ३१ टक्क्यांत तो संभाव्य होता. या प्रकरणांत दहा मृत्यू होते आणि १३ जणांना कायमचे अपंगत्व आले होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका तपासणीत २० एफेड्रा पूरकांपैकी निम्म्यांत छापील आणि प्रत्यक्ष प्रमाणात वीस टक्क्यांहून अधिक तफावत निघाली आणि एका पूरकात एफेड्राचा सक्रिय अंश मुळीच नव्हता. मेटाबोलाइफ या कंपनीकडे तर ग्राहकांच्या तेरा हजारांहून अधिक तक्रारी पडून होत्या, हे २००२ मध्ये उघड झाले.

फेब्रुवारी २००३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा स्टीव्ह बेकलर हा अवघ्या २३ वर्षांचा खेळाडू फ्लोरिडातील सराव शिबिरात उष्माघाताने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो एफेड्रा घेत होता. त्याचे वजन वाढलेले होते, ते उतरविण्यासाठी तो नीट जेवत नव्हता, हवा दमट होती. कारणे अनेक होती. तथापि शवचिकित्सकांनी त्यांत एफेड्राचाही वाटा असल्याचे सांगितले आणि देशभर खळबळ उडाली.

त्याच वर्षी रँड या संशोधन संस्थेने सर्व उपलब्ध पुराव्यांचा आढावा प्रसिद्ध केला. एफेड्रा व एफेड्रिन यांच्यामुळे निष्क्रिय गोळीच्या तुलनेत महिन्याला सुमारे ०.९ किलो वजन अधिक उतरते, पण सहा महिन्यांपलीकडचा पुरावाच उपलब्ध नाही, असे त्यात आढळले. मानसिक अस्वस्थता, छातीत धडधड, पोटाच्या तक्रारी यांची शक्यता मात्र २.२ ते ३.६ पटींनी वाढत होती. आणि ज्या गोष्टीसाठी व्यायामशाळांत तिची विक्री होत होती, त्या शारीरिक कामगिरीवर वनस्पतिरूप एफेड्राचा परिणाम तपासणारी एकही चाचणी हाती लागली नाही. कोट्यवधी डबे विकले गेल्यानंतरची ही स्थिती होती.

डिसेंबर २००३ मध्ये बंदीची घोषणा झाली आणि १२ एप्रिल २००४ पासून ती अमलात आली. १९९४ च्या कायद्यानंतर एखाद्या पूरकावर आलेली ही पहिली बंदी. ती सहजासहजी टिकली नाही. युटा राज्यातील न्यायालयाने २००५ मध्ये कमी मात्रेच्या एफेड्रापुरती ती रद्द केली, २००६ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा कायम केली.

बंदीनंतरची रांग

एक झाड गेले की दुसरे उभे राहते, हे त्यानंतर दिसले. लगेच आलेल्या ‘एफेड्रामुक्त’ डब्यांत कडू संत्र्याचा अर्क होता. त्यातील सिनेफ्रिन हा घटक खरोखरच त्या फळात सापडतो आणि रचनेत एफेड्रिनच्या जवळ आहे. परंतु अठरा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वजन उतरण्यावर त्याचा अर्थपूर्ण परिणाम दिसला नाही. दीर्घकाळ घेतल्यास वरच्या रक्तदाबात मात्र सरासरी सुमारे सहा अंकांची वाढ आढळली.

खरी कमाल केली ती जेरेनियमने. हे बाल्कनीतल्या कुंड्यांत लावले जाणारे फुलझाड. २००६ च्या सुमारास ‘जेरेनियमचा अर्क’ असलेली पूरके आली आणि त्यातील डीएमएए, म्हणजेच मिथाइलहेक्सानामाइन या उत्तेजकाने बाजार काबीज केला. हे द्रव्य नवे नव्हते. इलाय लिली या औषध कंपनीने १९४० च्या दशकात चोंदलेले नाक मोकळे करण्याचे औषध म्हणून ते प्रयोगशाळेत तयार केले होते आणि १९८३ मध्ये त्याची औषध म्हणून असलेली परवानगी संपुष्टात आली होती. ते झाडात असते, याला आधार काय? चीनमधील एका तांत्रिक संस्थेच्या नियतकालिकात १९९६ मध्ये आलेला एक लेख. जेरेनियमच्या तेलात ते अल्प प्रमाणात सापडल्याचे त्यात म्हटले होते. पुढे इतर प्रयोगशाळांनी तेलाचे आणि झाडाचे अनेक नमुने तपासले, तेव्हा ते त्यांना मिळाले नाही. उद्योगाच्या पैशावर झालेल्या एका अभ्यासात लेशमात्र अंश सापडल्याचे सांगण्यात आले. तो ग्राह्य धरला, तरी एका चमच्यात घातल्या जाणाऱ्या मात्रेसाठी जेरेनियमचा ढीग पिळावा लागला असता. इतके जेरेनियम कोणी पिळीत नव्हते, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि एवढे करून लाभ काय? उपलब्ध चाचण्या छोट्या आहेत. दहा किलोमीटर धावण्याच्या एका चाचणीत डीएमएएने धावण्याच्या वेळेत फरक पडला नाही. रक्तदाब मात्र, विशेषतः कॅफिनबरोबर घेतल्यास, ठळकपणे वाढला. २०११ मध्ये दोन अमेरिकी सैनिक व्यायाम करताना मरण पावले. त्यांच्या शरीरात हे द्रव्य आढळल्याने डिसेंबर २०११ मध्ये लष्करी तळांवरील दुकानांतून अशी पूरके हटविण्यात आली. एप्रिल २०१२ मध्ये लंडन मॅरेथॉनच्या अखेरच्या टप्प्यात ३० वर्षांची एक धावपटू कोसळून मरण पावली. तिने डीएमएए असलेले पेय घेतले होते आणि मृत्यूस त्याचा हातभार लागला असण्याची शक्यता पुढील वर्षीच्या न्यायिक चौकशीत नोंदली गेली. अशा एकेका मृत्यूवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे उत्पादकांचे म्हणणे तर्काला धरून आहे. पण पुराव्याचा अभाव हा ज्यांनी चाचण्याच केल्या नाहीत त्यांच्याच फायद्याचा ठरावा, ही या कायद्याची विसंगती त्यातूनच पुढे येते.

डीएमएएवरील कारवाई २०१२ मध्ये नोटिसांनी सुरू झाली. ती कायद्याच्या अंतिम कसोटीला उतरली २०१९ मध्ये. जेरेनियममध्ये ते अल्पांशाने असले किंवा नसले, तरी त्याला वनस्पतीचा घटक म्हणून पूरकात स्थान नाही, असा निर्णय अमेरिकेच्या अकराव्या विभागीय अपील न्यायालयाने त्या वर्षी दिला. या सात वर्षांत त्याचे भाऊबंद बाजारात येऊन गेले होते. डीएमबीए हा ‘पौचोंग चहा’च्या नावाने आला, डीएमएचए हा अक्रोडाच्या अर्काच्या नावाने. पहिल्याबद्दल २०१५ मध्ये, तर दुसऱ्याबद्दल २०१९ मध्ये नोटिसा गेल्या. रेणूत एखाददुसरा कार्बन इकडचा तिकडे, डब्यावर नवे झाड.

बाभूळ आणि बेल

या मालिकेतील दोन झाडे मराठी वाचकाला नावाने ओळखीची वाटतील. टेक्सासमध्ये वाढणारी ‘अकेशिया रिजिड्युला’ ही आपल्या बाभळीच्या कुळातली. तिचा अर्क असलेल्या २१ पूरकांची तपासणी अमेरिकी प्रशासनाच्याच शास्त्रज्ञांनी केली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ पूरकांत बीएमपीईए हे अ‍ॅम्फेटामाइनच्या जातीचे, १९३० च्या दशकात प्रयोगशाळेत बनविलेले द्रव्य निघाले. प्रत्यक्ष झाडाच्या नमुन्यांत ते नव्हते. इतके होऊनही प्रशासन स्वस्थ बसले. हार्वर्ड वैद्यकीय विद्यापीठाशी संबंधित डॉ. पीटर कोहेन यांनी पुन्हा २१ पूरके तपासली आणि त्यांपैकी ११ मध्ये ते द्रव्य अजूनही असल्याचे २०१५ मध्ये जाहीर केले, तेव्हा कोठे नोटिसा निघाल्या. एका उत्पादकाने मात्र कोहेन यांच्यावरच २० कोटी डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. २०१६ मध्ये ज्यूरीने कोहेन यांच्या बाजूने कौल दिला. प्रत्येक संशोधकाला असा दावा लढविणे परवडेल असे नाही आणि दावा करणाऱ्यांनाही ते ठाऊक असते.

दुसरे झाड बेलाचे. त्याच्या पानांतील एजेलिन हे द्रव्य ‘ऑक्सीएलिट प्रो’ या चरबी घटविणाऱ्या पूरकात घालण्यात आले. या पूरकाच्या आधीच्या आवृत्तीत डीएमएए होते. त्यावर कारवाई सुरू झाल्यावर एजेलिनची आवृत्ती आली. २०१३ मध्ये हवाई बेटांवर यकृताच्या तीव्र विकाराचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. तपासाअंती देशभरात ९७ रुग्णांची नोंद झाली. ४७ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, तिघांवर यकृत प्रत्यारोपण करावे लागले, एकाचा मृत्यू झाला. यकृताला नेमकी इजा कशी झाली, याचा उलगडा पूर्णपणे झालेला नाही. परंतु डब्यातील एजेलिन बेलाच्या पानांतून आलेले नव्हते, ते कृत्रिमरीत्या बनविलेले होते. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या बेलाचा या प्रकरणात नावापुरताच संबंध.

जेरेनियमवाले ‘जॅक्ड’ आणि हे ‘ऑक्सीएलिट प्रो’, दोन्ही यूएसपीलॅब्ज या एकाच कंपनीची उत्पादने. २०१५ मध्ये तिच्यावर आणि तिच्या अधिकाऱ्यांवर आरोप ठेवण्यात आले. चीनमध्ये बनलेली कृत्रिम उत्तेजके खोट्या प्रमाणपत्रांच्या आधारे आणून ती वनस्पतींचे अर्क असल्याचे भासविले, असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. २०१९ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला.

दिल्लीतील धडा

हा सारा वाद भारताबाहेरचा आहे, असे म्हणण्याची सोय २०१० नंतर उरलेली नाही. त्या वर्षी मिथाइलहेक्सानामाइनचे नाव जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या बंदीयादीत प्रथमच झळकले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा होत्या. स्पर्धेच्या तोंडावर कुस्ती, जलतरण आदी खेळांतील अनेक भारतीय खेळाडूंच्या चाचण्यांत नेमके हेच द्रव्य निघाले. स्पर्धेतही त्याने आपला हिसका दाखविला. महिलांच्या १०० मीटर शर्यतीतील सुवर्णपदक नायजेरियाच्या ओलुडामोला ओसायेमी हिला याच कारणाने गमवावे लागले. पूरकाच्या डब्यावर ते नाव नव्हते, या बचावाचा अशा वेळी फारसा उपयोग होत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा वाडाचा नियम आहे. डब्यावर ‘जेरेनियम’ छापलेले असेल, तर तो मल्ल किंवा त्याचा वस्ताद बंदीयादीत जेरेनियम कोठे शोधणार? पुढच्याच वर्षी वाडाने या द्रव्याचा समावेश तुलनेने सौम्य वर्गात केला. पण हुकलेल्या स्पर्धा परत येत नाहीत.

उलट बाजूनेही अन्याय होऊ शकतो, याचे उदाहरण फुटबॉलमध्ये घडले. हिजेनामाइन हे द्रव्य बचनागाच्या जातीच्या वनस्पतींत आणि कमळातही असते. २०१६ मध्ये लिव्हरपूलचा बचावपटू मामादू साको याच्या नमुन्यात ते सापडले आणि तो युरोपा लीगच्या अंतिम सामन्याला आणि युरो स्पर्धेलाही मुकला. पुढे त्या वेळी हिजेनामाइन नावानिशी यादीत नव्हते आणि त्यावरील बंदीही स्पष्ट नव्हती, असे निष्पन्न झाले. तो निर्दोष सुटला. २०२० मध्ये वाडाला त्याची माफी मागून भरपाई द्यावी लागली. यादीत ते द्रव्य २०१७ मध्ये नावानिशी आले. त्यानंतरच्या एका पाहणीत हिजेनामाइन असलेल्या २४ पूरकांपैकी केवळ पाचांनी प्रमाण छापले होते, आणि त्या पाचांपैकी एकाचेही प्रमाण बरोबर नव्हते.

भारतात पूरकांना अन्नाचाच दर्जा आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये आरोग्यपूरकांसाठी स्वतंत्र नियमावली अधिसूचित केली आणि १ जानेवारी २०१८ पासून तिचा अंमल सुरू झाला. कोणत्या वनस्पती वापरता येतील, याची यादी त्यात देण्यात आली आणि संप्रेरके, स्टेरॉइड व मनोप्रभावी द्रव्ये मिसळण्यास मनाई करण्यात आली. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याहून हे धोरण अधिक सावध म्हणावे लागेल. पण यादीतील झाडाचे नाव डब्यावर असणे आणि डब्यात त्याच झाडाचा अर्क असणे, या दोन गोष्टींतील अंतर नियमाने मिटत नाही. ते मिटते फक्त प्रयोगशाळेत. डीएमएए किंवा बीएमपीईए पकडायला महागडी यंत्रे आणि त्या त्या द्रव्याचे संदर्भनमुने लागतात. दूध, खवा, मिठाई, खाद्यतेल यांच्या भेसळीमागे धावणाऱ्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून प्रत्येक प्री-वर्कआऊट पावडरीच्या अशा तपासणीची अपेक्षा ठेवणे वास्तवाला धरून होणार नाही. केरळमधील डॉक्टरांनी पुढाकार घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतीय बाजारातील ३६ प्रथिन पावडरींपैकी २५ च्या डब्यांवरील प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला होता. प्रथिन हा तुलनेने मोजायला सोपा घटक.

स्पर्धात्मक खेळाडूंसाठी प्रत्येक उत्पादन-तुकडी स्वतंत्रपणे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या काही आंतरराष्ट्रीय यंत्रणा आहेत आणि अशा प्रमाणपत्राचे चिन्ह असलेल्या डब्यांना भारतातही मागणी आहे. त्या यंत्रणा तपासतात ते मुख्यतः बंदी असलेले द्रव्य त्यात नाही ना, एवढेच. कॅफिनखेरीज उरलेल्या अर्कांनी व्यायामाची क्षमता वाढते काय, हा प्रश्न त्या चिन्हाच्या कक्षेत येत नाही.